किंमत ऐकून हसणारी माणसं

तिला सगळे किल्लीमावशी म्हणत. खरं नाव मतदारयादीत असेल तेवढंच. विकायला काढलेल्या रिकाम्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडे असायच्या. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्यांची रांग, एकेका खिळ्याला एकेक किल्ली आणि किल्लीला दोऱ्याचा गोंडा. तांबडा म्हणजे पाण्याच्या टाकीशेजारचं घर. हिरवा म्हणजे दवाखान्याच्या वरचं. दोन रंगांचा पीळ असला तर समजायचं, भावाभावांची जुंपली आहे, एकापुढे दुसऱ्याचं नाव काढायचं नाही. दोरे नवऱ्याच्या शिलाई मशीनखालून गोळा केलेले. नवरा शिंपी. गल्ली त्यांना मास्तर म्हणायची, मावशीही मास्तरच म्हणायची. रागावली तरच 'अहो'.

किल्ल्या काय, कुणीही सांभाळल्या असत्या. तिचं खरं काम होतं गिऱ्हाईक यायच्या आधी जाऊन घर जागं करणं. हा शब्द तिचाच. बंद घर झोपलेलं असतं आणि झोपलेल्याच्या तोंडाला वास येतो. मोरीतलं पाणी सुकलं की गटाराची हवा वर चढते, म्हणून आधी बादलीभर पाणी मोरीत ओतायचं. मग खिडक्या सताड उघडायच्या. बिजागऱ्यांना तेल. पांढरे दिवे काढून पिवळे लावायचे, कारण पांढऱ्या दिव्यात माणूस आजारी दिसतो, आणि आजारी माणूस घर घेत नाही. पडद्याचा दांडा खिडकीच्या वर वीतभर उंच ठोकायचा, की खिडकी थोराड दिसते आणि छत आपोआप वर जातं. अवजड कपाटं मागच्या खोलीत कोंबायची. पुढे खुर्ची एकच ठेवायची. "दोन ठेवल्या की नवराबायको दोघं बसतात," ती म्हणायची, "बसली की विचार करतात, आणि विचार केला की गेलं गिऱ्हाईक."

एवढं झालं की एजंट गिऱ्हाइकाला घेऊन यायचा. त्याला सगळे भाऊ म्हणत. वजनाने भारी, आवाजाने त्याहून भारी. भाऊ किंमत सांगायचा आणि खिडकीशी उभी असलेली मावशी सहज आठवल्यासारखं म्हणायची, "मोठ्या शहरात एवढ्यात बाथरूम येत नाही हो." हे वाक्य भाऊने तिला शिकवलं की तिने भाऊला, यावर दोघांचं कधीच एकमत झालं नाही.

मोठं शहर म्हणजे सकाळच्या बसने निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येणारं. तिकडे घरांचे भाव निजलेले असले की इकडे भाऊही दुपारचा निजायचा. तिकडे भाव उठले की काही महिन्यांनी इकडे भाऊचा फोन तापायचा. मधे एवढा वेळ का जातो असं मावशीने एकदा विचारलं, तर भाऊ म्हणाला, "माणसं आधी तिथेच धडका मारतात. डोकं फुटलं की मग नकाशा उघडतात."

मास्तरांचं म्हणणं याहून सोपं. हातातली बाही उसवत ते म्हणाले होते, "बसस्टँडवरचा बाक बघ. एका टोकाला जाडा माणूस येऊन बसला की सगळे थोडेथोडे सरकतात. कुणी कुणाला ढकलत नाही. तरी शेवटचा उभा."

"आणि आपण कुठे बसलोय?"

"आपण मधे. मधल्याला कसली आलीय भीती!"

ते दोघं भाड्याने राहत होते. दोन खोल्या, मागे मोरी आणि पुढे रस्त्यावर उघडणारी रुंद खिडकी. त्या खिडकीत मास्तरांचं मशीन. गिऱ्हाईक घरात शिरतच नसे. रस्त्यावरूनच कापड द्यायचं, तिथेच माप द्यायचं, बाहीचं टाचण करायचं असेल तर हात गजांतून आत घालून उभं राहायचं. येणारे-जाणारे खिडकीत डोकावून शहरभरच्या बातम्या टाकून जात. घर हातचं गेलं असतं तर दुकानही गेलं असतं, आणि मास्तरांच्या वयाला नवी खिडकी नवी गिऱ्हाइकं आणून देत नाही.

जुने घरमालक वारले तेव्हा त्यांचा मुलगा मोठ्या शहरात नोकरीला होता. मावशीने त्याला नाक गळत फिरताना पाहिलेलं, त्यामुळे मालक झाला तरी ती त्याला अरे-तुरेच करायची. भाव सगळीकडे थंड असताना त्याने आपण होऊन फोन केला. "मावशी, त्या ओल्या खुराड्याचं मी काय करू? तुम्हीच घेऊन टाका." आकडा ठरला. आयुष्यभर साठवलेलं आणि बँकेने कबूल केलेलं मिळून तो जेमतेम भरत होता. कागद करायला मी येतोच, असं मुलगा म्हणाला. त्याला सवड होईना. यांनीही लकडा लावला नाही. घरचाच पोरगा, जातो कुठे?

त्या वर्षात मावशीच्या रिकाम्या घरांमधून वेगळीच माणसं फिरू लागली. इथला माणूस घर बघायला आला की भिंतीवर टकटक करतो, शेजारी कोण आहे विचारतो, आणि किंमत ऐकली की ओठ आवळतो. ही माणसं आल्याआल्या नळ सोडून बघायची. पाणी आलं की खूश. आणि किंमत ऐकली की एकमेकांकडे बघून हसायची. चेष्टेने नव्हे. मोठ्या शहरात बाकावरून उठलेली माणसं ती. इथे आपल्याला ऐसपैस मांडी घालून बसता येईल हे कळल्यावर सुटलेलं ते हसू.

भाऊ हिशेबी माणूस. पहिलं जोडपं हसलं तेव्हा त्याने मनात नोंद केली. दुसरं हसलं तेव्हा जिन्यात मावशीला म्हणाला, "मावशे, आपण येड्यासारखं कमी सांगतोय."

"मग सांग की जास्त. ती हसायची थांबेपर्यंत सांग."

हा सल्ला तिचा. भाऊने तो अक्षरशः पाळला. वर्ष सरेपर्यंत दवाखान्यावरच्या घराची किंमत दीडपट झाली, आणि तरी घेणारीण हसली. मावशीला तिचा वाटा मिळत गेला, तिने तो घराच्या पैशात घातला. सगळ्या शहराचे भाव चढताना आपलं घर तेवढं जुन्या आकड्यावर बसून राहील असं तिला वाटत होतं, असं म्हणणंही बरोबर नाही. तिने तसा विचारच केला नव्हता. दारामागच्या रांगेत त्या घराच्या किल्लीला खिळा नव्हता. ती तिच्या कमरेला असायची.

शेवटी धाकट्या मालकाने कळवलं: रविवारी येतो, एकदा घर बघतो आणि कागदाचं ठरवून टाकू.

"येऊ दे की," मास्तर म्हणाले. "चहा पाज आणि पाठव."

"असं कसं? इतक्या वर्षांनी घर बघायला येतोय. हे असं दाखवायचं?"

शनिवारी सकाळी तिने पदर खोचला आणि घर जागं करायला घेतलं. हाताला लागलेलं वळण, दुसरं काय? ओलीचा डाग खरवडून त्यावर चुना मारला. खिडक्यांच्या काचा कागदाने घासल्या. कुरकुरणाऱ्या दाराला तेल पाजलं. दवाखान्यावरच्या घरातून उरलेले पिवळे दिवे होते, ते लावले. पडदे धुऊन दांडा वीतभर वर ठोकला. मग मास्तरांना म्हणाली, "मशीन मागे घ्या. खोली केवढी मोकळी होईल बघा."

"अगं, मशीन मागे? ते काय बुजगावणं आहे, उपटून कुठेही रोवायला?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे. आणि ते कपाटसुद्धा."

कपाटाला खांदा लावता लावता मास्तर धापा टाकत म्हणाले, "मला एक सांग. आपण घर विकतोय का घेतोय?"

मास्तर दिवसभरात असं कायकाय बोलत. तिने ऐकून सोडून दिलं आणि खुर्ची कुठे ठेवायची ते बघत राहिली. एकच खुर्ची. खिडकीशी, उजेडात.

धाकटा मालक आला आणि उंबऱ्यातच थबकला.

"मावशी, हे आपलंच घर?"

"मग कुणाचं? ये, बस."

तो बसला नाही. या खोलीतून त्या खोलीत गेला, परत आला, मान वर करून छत बघितलं. लहानपणी हे घर केवढं अंधारं होतं, म्हणाला. नळ सोडला. पाणी आलं, तेही जोरात. मग त्याने खिशातून फोन काढून बायकोला एकेक कोपरा दाखवला. फोनमधून तिचा आवाज खोलीभर ऐकू आला, "अहो, हे? तुम्ही तर खुराडं म्हणाला होतात!"

तो ओशाळून हसला. फोन खिशात टाकत, खिडकीतून रस्ता बघत, सहज आठवल्यासारखा म्हणाला, "काय आहे ना मावशी, आमच्याकडे एवढ्यात बाथरूमसुद्धा येत नाही."

मागच्या खोलीत, कपाट आणि मशीन यांच्या फटीत उभ्या असलेल्या मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

कागदाचं त्या दिवशी ठरलं नाही. पुढच्या आठवड्यात फोन आला. आधी बराच वेळ तो तब्येतीचं विचारत राहिला, मास्तरांच्या गुडघ्यांचं, तिच्या रक्तदाबाचं. एवढी चौकशी ऐकल्यावर ती समजली.

"बोल. किती म्हणतोस?"

त्याने सांगितलं. जुन्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट.

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता, मावशी. नाकारत नाहीये मी." तो घाईघाईने बोलू लागला. "पण आम्ही इथे ज्या घरात राहतो ना, त्याच्या मालकाने ते विकायला काढलंय. याहून मोठ्या शहरातून कुणी आलेत. त्यांना किंमत ऐकून काही वाटलंच नाही म्हणे, उलट हसले. आता आम्हाला घ्यायचं तर सगळं काढून द्यावं लागेल. माझ्याकडे दुसरं आहे काय? मुलीची शाळा आहे इथे. मी काय हौसेने मागतोय?"

तो खोटं बोलत नव्हता. मावशीने माणसांना इतकी वर्षं घरं दाखवली होती, एवढं तिला आवाजावरून कळत होतं. त्याने फोन केला नसता आणि नुसतं पत्र धाडलं असतं तर तिला त्याचा राग तरी धरता आला असता.

"हा तुमचा शेवटचा आकडा का?" तिने विचारलं. त्या वाक्यापासून ती त्याला अहो-जाहो करू लागली.

तिने घासाघीस केली. स्वतःसाठी पहिल्यांदाच. ओल दाखवली, गुडघे दाखवले, जुना लोभ दाखवला. तो थोडा खाली आला आणि तिथे अडला. तिथून यांच्या पैशापर्यंत बरंच अंतर होतं. बँकेतल्या माणसाने मास्तरांचं वय बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"चुना मारला नसता तर?" एका संध्याकाळी तिने विचारलं.

"तरी झालंच असतं," मास्तर म्हणाले. मग सुईत दोरा ओवत, "पण एवढ्या थाटात झालं नसतं."

धाकट्या मालकाने घर भाऊकडे दिलं. दुसऱ्या कुणाकडे देणार? भाऊ मावशीकडे येऊन बराच वेळ घाम पुसत बसला.

"तू नको दाखवूस. मी सांगतो दुसऱ्या कुणाला."

"दुसऱ्या कुणाला येतं का?" ती म्हणाली. कमरेची किल्ली काढून तिने तिला काळा दोरा बांधला आणि दारामागे नवा खिळा ठोकला. घर तेच, दार तेच. पण किल्ली खिळ्यावर गेली.

गिऱ्हाईक आलं. तरुण जोडपं, मोठ्या शहरातलं. मास्तरांना तिने सकाळीच बाजारात पिटाळलं होतं. खिडक्या उघड्या, दिवे पिवळे, खुर्ची एक. बाईने नळ सोडून बघितला. भाऊने किंमत सांगितली, नेहमीच्या आवाजात नव्हे, जरा खालच्या पट्टीत. दोघं एकमेकांकडे बघून हसली. मावशीचं ते वाक्य त्या दिवशी तिच्या तोंडून आलं नाही. गरजही पडली नाही.

"आधी कोण राहायचं इथे?" बाईने विचारलं. "घर छान ठेवलंय."

"एक शिंपी आणि त्याची बायको," मावशी म्हणाली. "स्वच्छ माणसं होती."

"ते कुठे गेले?"

"सरकले पुढे."

पुढे म्हणजे बस जिथे वळून परत फिरते ते गाव. बाजार एका रस्त्याचा, आणि त्याला काटकोनात चारदोन गल्ल्या. एक निवृत्त पोस्टमन मुलीकडे राहायला जाणार होता, त्याचं घर बघायला दोघं गेली. बैठी दोन खोल्यांची जागा, मागे अंगण, पुढे खिडकी, खिडकीबाहेर वर्दळ बेताची. पोस्टमनने घसा खाकरून किंमत सांगितली. सांगताना तो कानकोंडा झाला होता, आपण फार मागतोय असं वाटून.

मावशीने मास्तरांकडे बघितलं, आणि हसली.

तिला ते कळलं नाही. मास्तरांना कळलं, पण तेही हसतच होते. पोस्टमनने मात्र ते हसू नीट टिपून ठेवलं. व्यवहार घासाघीस न होता झाला. त्या गल्लीत आजवर असं घडलं नव्हतं.

मास्तरांनी खिडकीत मशीन लावलं. गिऱ्हाइकं हळूहळू येऊ लागली, मुख्यतः शाळेच्या गणवेशाची आणि ढिल्या झालेल्या विजारींची. शेजारी एक इस्त्रीवाली बाई भाड्याच्या खोलीत राहायची. अर्धी खोली तिच्या लांबलचक टेबलाने खाल्लेली, उरलेल्या अर्ध्यात संसार. नवरा ट्रकवर. मावशीशी तिची लवकर गट्टी जमली. पण एके दिवशी ती कपड्यांचं बोचकं न घेताच आली आणि दारात उभी राहिली.

"काकू, एक विचारू? राग नाही ना येणार?"

"विचार."

"हे घर घेताना तुम्ही हसलात म्हणे."

"कोण म्हणालं?"

"पोस्टमनआजोबा मुलीकडे जायच्या आधी बाजारात सांगत होते. म्हणाले, आकडा सांगितला आणि बाई हसली, मीच बावळट, अजून मागायला हवं होतं. ते आमच्या मालकाच्या कानावर गेलंय. तो म्हणतो, गल्लीचा भाव आता तुमचा भाव. खोली विकायची नाहीतर भाडं वाढवायचं, ते रविवारी येऊन बघून ठरवतो म्हणाला." तिने पदराच्या टोकाला गाठ मारली, परत सोडली. "मी आज सगळी खोली धुऊन काढलीय. म्हटलं, नीटनेटकी दिसली तर निदान म्हणेल, बाई चांगली आहे, राहू दे."

मशीनचा आवाज थांबला. मास्तरांनी खिडकीतून वळून बघितलं.

मावशी उठली. चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी मास्तरांच्या पायाखाली होती. "चल," ती म्हणाली. "धुतलीस म्हणे! अकलेचे दिवे लावलेस, माझ्यासारखेच."

खोलीत शिरल्यावर ती आधी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि नेहमी बघायची तसं सगळीकडे बघितलं, फक्त उलट्या बाजूने. मग कामाला लागली. खिडक्या लावून घेतल्या. "रविवारपर्यंत उघडायच्या नाहीत. मोरीत पाणी टाकायचं नाही, तिची जाळी सुकू दे. आंघोळ आमच्याकडे कर." पिवळा दिवा काढून पांढरा लावला, तोही मिणमिणता. ओले कपडे खोलीतच दोरीवर टाकले. पडद्याचा दांडा उपसून खिडकीच्या निम्म्यावर ठोकला. खोली जागच्या जागी बसकी झाली.

"काकू, हे किती वाईट दिसतंय!"

"अजून कुठे! अहो, ऐकलं का? इकडे या जरा."

मास्तर गुडघे सांभाळत आले. कपाट उचलून खिडकीपुढे आणायचं होतं. त्यांनी खांदा लावला, आणि कपाट सरकायला लागल्यावर मान वळवून विचारलं, "आता तरी सांग. विकतोय का घेतोय?"

"गप बसा आणि ढकला."

रविवारी मालक आला. मावशी आपल्या खिडकीतून बघत होती. तो उंबऱ्यापर्यंत गेला, नाकाला रुमाल लावला, मान आत घालून छताकडे बघितलं आणि दोन पावलं मागे आला. इस्त्रीवाली त्याच्यासाठी खुर्च्या मांडत होती. मावशीच्या सांगण्यावरून दोन. एकीवर तो टेकला. बराच वेळ बसला, विचार करत. मग उठून गेला. भाड्याचं काही बोलला नाही. विकायचं पुढच्या वर्षी बघू म्हणाला.

त्याची बस वळून दिसेनाशी झाल्यावर इस्त्रीवालीने धावत जाऊन खिडक्या उघडल्या, ओले कपडे बाहेर नेले, मोरीत बादलीभर पाणी ओतलं. मग खुर्चीवर चढून पडद्याचा दांडा काढायला लागली.

"तो राहू दे," मावशी दारातून म्हणाली. "परत येईल तो."